गॅस्केटचा फंडा

आजोबांची प्रीमियर पद्मिनी रिस्टोअर करायचं खूळ सध्या माझ्या ग्रुपमध्ये जोरात आहे. रंग, क्रोम, सीट कव्हर्स यावर सगळे सढळ हाताने खर्च करतात. इंजिन उघडलं की मात्र प्रश्न येतो, ‘हेड गॅस्केट जुनंच लावलं तर?’ नाही चालणार, बॉस!

या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त प्रसरण पावतं. ही ओढाताण सोसत ऑइल, पाणी आणि गॅस वेगळे ठेवतं ते मधलं पातळ गॅस्केट. एकदा दबलेलं गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही. मग ऑइलमध्ये पाणी शिरतं, ते दुधाळ चहासारखं दिसायला लागतं आणि बेअरिंगची वाट लागते.

म्हणून गॅरेजमधल्या काकांना मी तीन गोष्टी विचारतेच. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड वाकलंय का ते पाहिलं? बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळणार ना? आणि ऑइल सीलची कडा तेल लावून, ऑइलच्या बाजूलाच तोंड करून बसवली ना?

रंग पार्किंगमध्ये भाव खातो. खंडाळ्याचा घाट मात्र गॅस्केटच्या जिवावरच चढायचा असतो!