सारखा बंद पडणारा संगणक



दिवाळीत बोरगावला गेलो, तर पायातले जोडे काढायच्या आतच काकाजींनी तक्रार मांडली. "तू इंजिनिअर हायेस ना? मंग सांग मले, हा कम्प्युटर सारखा काहून बंद पडते?"

संत्र्याच्या बागेचा हिशेब आणि दोन्ही ताईंच्या लग्नाचे फोटो त्याच एका मशीनमध्ये. कधी निळी स्क्रीन यायची, कधी आपोआप रिस्टार्ट. एका दुकानदाराने दोनदा विंडोज नव्याने टाकून दिली होती, दोन्ही वेळा पैसे घेऊन. आठवडाभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

मी काकाजींना निळ्या स्क्रीनवरचे शब्द कागदावर उतरवून ठेवायला सांगितले. दोन दिवसांत तीन वेगळी कारणं आली: 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. एकच कारण पुन्हा पुन्हा येत असेल तर मी ड्रायव्हरवर संशय घेतो. दर वेळी नवीन असेल तर आधी रॅम.

रॅम म्हणजे चालू कामाची जागा. जे काही उघडाल, कॉपी कराल, ते आधी इथे येतं. खराब चिपमध्ये 1 लिहिलेला एखाद्या कप्प्यातून 0 होऊन परत येतो. त्या कप्प्यात विंडोजचा भाग असला तर मशीन कोसळतं. फोटो असला तर काहीच होत नाही, म्हणजे आपल्याला दिसत नाही. एका आकड्याने काय होतं म्हणाल, तर 2003 साली बेल्जियममध्ये स्खारबेक इथे मतदानयंत्राने एका उमेदवाराला 4096 मतं जास्त दिली होती. 4096 म्हणजे 2 चा बारावा घात, एकच बिट उलटलं की नेमका एवढा फरक पडतो. तिथली रॅम खराब नव्हती, अवकाशातून येणाऱ्या किरणांवर संशय होता. सर्व्हरमध्ये अशी चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते. आपल्या घरच्या मशीनमध्ये सहसा नसते.

प्लग काढून कॅबिनेट उघडलं. धूळ विचारू नका! रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, सोनेरी कडा पेन्सिलीच्या खोडरबराने पुसल्या, खटका वाजेपर्यंत परत बसवल्या. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. आमचं भागलं नाही. विंडोजमधली चाचणी केली (सर्चमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' टाका), ती म्हणाली सगळं ठीक. तिच्यावर भिस्त ठेवू नका. मेमटेस्ट86+ हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावला. मध्येच लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून. सकाळी स्क्रीनवर लाल ओळीच ओळी. इथे थोड्या चुका चालतील असं नसतं, शून्यच हवं. मग एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासली. एक स्वच्छ निघाली, दुसरी काही मिनिटांतच नापास. दोन्ही नापास झाल्या असत्या तर स्लॉट किंवा मदरबोर्ड बघावा लागला असता.

खराब पट्टी बाजूला ठेवली आणि मशीन सुरळीत चालू लागलं. काकू खूश. म्हणाल्या, "फोटोची चिंता नाही बरं, फॉरमॅटच्या आधी सगळे बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवले होते."

माझ्या पोटात गोळा आला. घेतले होते ते याच मशीनवरून, याच रॅममधून.

संध्याकाळभर बसून एकेक फोटो उघडला. अकरा बिघडलेले निघाले. जेपीईजीत एक बिट चुकलं की पुढचा भाग करडा होतो नाहीतर रंग सरकतात. मूळ फाइल फॉरमॅटमध्ये गेलेली. खरं तर आधी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या धडधाकट संगणकाला लावायची आणि तिथून कॉपी करायची. मशीन असं आजारी असताना त्याच्यावर बॅकअप घेऊच नये, हे दुकानदाराने सांगायला हवं होतं. मीही फोनवर सांगू शकलो असतो. उन्हाळ्यात काकाजींचा फोन आला होता. "फॉरमॅट करून घ्या" हे माझेच शब्द.

सात फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपमध्ये सापडले, थोडे पुसट. चार गेले. त्यांतला एक मांडवात बसलेल्या आजीचा. खालचा अर्धा करडा आहे, चेहरा तेवढा वाचला. काकूंनी तो तसाच पांढुर्ण्याहून प्रिंट करून आणायला सांगितला आहे.