क्रियापद दिसले, पण वाक्य झाले नाही!

शेजारच्या वहिनींनी परवा मुलाच्या रजेचा अर्ज इंग्रजीत लिहून माझ्याकडे तपासायला पाठवला. मुलगा यंदाच इंग्रजी माध्यमात गेलेला. वहिनींना धास्ती एकच, आपल्या चुकीवरून वर्गात त्याला कोणी हसू नये. पहिलेच वाक्य होते : ‘ॲज माय सन बीइंग इल, ही डिड नॉट वेंट टू स्कूल.’ एका ओळीत दोन चुका, पण दोन्हींचे मूळ एकच.

इंग्रजीत क्रियापदाची रूपे दोन तऱ्हेची. काळ आणि कर्ता यांना बांधलेले ते फायनाइट. त्याच्यावाचून वाक्य पुरे होत नाही. हे बंधन नसलेले ते नॉन-फायनाइट. आपल्याकडेही हा भेद आहेच. ‘मुलगी शाळेत गेली’ म्हटले की ऐकणाऱ्याचे समाधान होते. ‘मुलगी शाळेत जाऊन’ म्हटले की तो विचारतो, ‘बरं, पुढे?’ जाऊन, जाताना, जायला ही जशी आपली धातुसाधिते, तशीच इंग्रजीतली टू गो, गोइंग, गॉन.

ओळखायचे कसे? कर्ता किंवा काळ बदलून पाहा. ‘शी वाँट्स टू लर्न टायपिंग’ यात ‘शी’च्या जागी ‘दे’ घाला, ‘वाँट्स’चे ‘वाँट’ होईल. कालची गोष्ट करा, ‘वाँटेड’ होईल. ‘टू लर्न’ मात्र जागचे हलणार नाही. ‘बी’ या क्रियापदाची तर आठ रूपे आहेत. ॲम, इज, आर, वॉज, वेअर ही पाच फायनाइट. बीइंग, बीन नॉन-फायनाइट आणि बहुधा ‘बी’सुद्धा. ‘बी क्वाएट!’ अशा आज्ञेत तेवढे ते एकट्याने वाक्य पेलते.

आता वहिनींचा अर्ज. ‘ॲज’ने सुरू होणाऱ्या पोटवाक्याला स्वतःचे फायनाइट क्रियापद लागते, म्हणून ‘ॲज माय सन वॉज इल’. पुढे भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने आधीच उचलले आहे, ते पुन्हा ‘गो’च्या डोक्यावर कशाला? ‘ही डिड नॉट गो’. ‘आय वाँटेड टू वेंट’ हीदेखील याच जातीची चूक.

खरा घोटाळा होतो तो आपल्या ‘-ताना’मुळे. ‘रस्त्याने चालताना मला कुत्रा चावला’ हे मराठी बिनचूक. पण ‘वॉकिंग ऑन द रोड, अ डॉग बिट मी’ असे लिहिले, की चालणारा कुत्रा ठरतो! कारण अशा ‘वॉकिंग’चा कर्ता इंग्रजी वाचक पुढच्या वाक्याच्या कर्त्यातच शोधतो. ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग’ लिहावे, म्हणजे चालणारे आपण आणि चावणारा तो.

वहिनींनी अर्ज पुन्हा लिहिला. या खेपेस सगळे बरोबर होते. खाली ‘थँकिंग यू’ लिहून पूर्णविराम दिला होता. त्यातही फायनाइट क्रियापद नाहीच. पण अर्जाच्या तळाशी ते इतके रुळले आहे, की मी तिथे पेन्सिल लावली नाही.