मूळ आणि नक्कल

पुरातन मोटार कितीही मोडली तरी पैसा ओतून ती नवीकोरी करावी, हे शौकिनांचे मत आम्हांस मुळीच मान्य नाही. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, बोलिंग ग्रीन येथील कॉर्व्हेट संग्रहालयाची जमीन खचून आठ मोटारी विवरात कोसळल्या. आठही दुरुस्त करून देण्याची तयारी जनरल मोटर्सने आरंभी दर्शविली होती. तरीही दुरुस्त झाल्या त्या तीनच : १९६२ ची काळी, १९९२ ची दहा लाखावी व २००९ ची 'ब्लू डेव्हिल'. उरलेल्या पाचांत वाचविण्याजोगे मूळ फारसे नव्हते. म्हणून त्या चेंदामेंदा झालेल्या स्थितीतच जतन केल्या. मोडके पाहावयास कोण येणार, असे कोणी म्हणेल. प्रत्यक्षात त्या अपघातानंतर प्रेक्षक वाढले! सांगाडा नवा, कवच नवे, मग जुना उरतो तो केवळ क्रमांक. कचेरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस एवढे कळते की, नक्कल कितीही सुवाच्य असली तरी ती मूळ दस्तऐवज नव्हे. ज्यांच्या वाड्यात वडिलार्जित मोटार गंजत पडली आहे, त्यांनी कारागिरास आधी खर्च विचारू नये; मूळ किती उरेल, हे विचारावे. उत्तर 'नाममात्र' असे आले, तर ती आहे तशीच राखावी. वडिलांच्या नावाने नक्कल मिरविण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक होय.