गिऱ्हाईक गेलं, बैल दावणीलाच

महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६च्या कायद्यानेच बंद होती. मार्च २०१५मध्ये बैल आणि वळूही बंदीत आले. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद. म्हणे, शेतकऱ्याच्या भल्यासाठी! अहो, थकलेला बैल विकायचा, त्यात पदरची भर घालायची आणि नवा घ्यायचा, हा शेतकऱ्याचा हिशेब. तो बैल घेणाऱ्या कुरेशी व्यापाऱ्याला कायद्याने गुन्हेगार केलं. म्हशीला परवानगी आहे, पण टेम्पो अडवणारा जमाव कलमं वाचत नाही. कोल्हापुरी चपला शिवणाऱ्यांचं कातडंही याच बाजारातून यायचं. सरकारला बैल जगवायचाच असेल, तर त्याची बाजारभावाने किंमत आणि चारा सरकारनेच द्यावा. दुसऱ्याच्या दावणीवर कसलं पुण्य कमावता?