'एल'ची लाज कशाला?



'सिंगल प्लेट क्लचची रचना व कार्य आकृतीसह स्पष्ट करा.' या प्रश्नाचे मार्क आपण सहसा सोडत नाही. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, फ्रिक्शन लायनिंग, स्प्रिंगा... सगळं शिसपेन्सिलीनं नीट काढून बाणांसकट नावं देणारी पोरं हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर सापडतील. पण त्यांतल्या किती जणांना खऱ्या गाडीत बसून तो क्लच सोडता येतो? वय एकवीस-बावीस झालं, फायनल इयर आलं, तरी कुणी गाडीची किल्ली पुढे केली की "नको यार, तूच चालव" म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. स्टाफरूममध्येही आहेत. ते फक्त बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

आपल्याकडे या गोष्टीची एकतर चेष्टा होते, नाहीतर "त्यात काय घाबरायचं?" असं म्हणून विषय संपवला जातो. मला वाटतं दोन्ही चूक. या भीतीकडे आपण इंजिनिअरच्या नजरेनं बघायला हवं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हे बघू की घाबरतं कोण. ज्याच्या घरी ट्रॅक्टर होता, तो दहावीच्या आतच शेतात वडिलांच्या शेजारी बसून स्टिअरिंग धरून मोकळा झाला. ज्याच्या घरी एसटीचा पास हेच काय ते वाहन, त्याला शिकायला मिळणार कधी? मुलींचं तर विचारूच नका. घरात गाडी असली तरी किल्ली आधी भावाकडे जाते. ताईला सांगितलं जातं, "तुला कुठे जायचंय? दादा सोडेल की." मग ताई पंचवीस वर्षांची होते, नोकरीला लागते, आणि सगळे विचारतात, "अगं, अजून गाडी येत नाही?" म्हणजे ज्याला आपण 'घाबरट' म्हणतो त्याच्यात मुळात काही कमी नसतं. त्याला लहानपणी संधी मिळाली नाही, आणि मोठेपणी ती मागायची लाज वाटते.

आणि यात खरंच काहीतरी अडतं, बरं का. उद्या एमआयडीसीतल्या प्लांटमध्ये नोकरी लागली आणि सेकंड शिफ्ट रात्री सुटली, तर कंपनीच्या बसवर किंवा कुणाच्या तरी मेहेरबानीवर अवलंबून राहावं लागतं. घरी रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, गाडी दारात उभी आहे, आणि ती चालवणारा एकच माणूस घरात आहे, तो म्हणजे स्वतः वडील! असं घर प्रत्येकाच्या ओळखीत एखादं तरी असेल.

आता भीतीचं कारण. मोठ्या माणसाला धोका कळतो, हे पहिलं. आणि तो धोका काल्पनिक नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या पोटात स्टिअरिंग धरताना गोळा आला, तर त्याचं डोकं ठिकाणावर आहे असंच मी म्हणेन.

दुसरं कारण म्हणजे एकाच वेळी येणारा लोड. दोन पाय, तीन पेडल. डावा हात गियरवर, उजवा स्टिअरिंगवर. डोळे पुढे हवेत, आरशात हवेत, आणि कुठूनही येणाऱ्या रिक्षावरही हवेत. सराव झालेल्या माणसाचे हातपाय यातलं बरंचसं आपोआप करतात, त्यामुळे त्याचं डोकं रस्त्यासाठी मोकळं राहतं. नवख्याला मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. बीमवर कपॅसिटीपेक्षा जास्त भार टाकला की ती वाकते. तिला कुणी 'घाबरट बीम' म्हणत नाही.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं, ते म्हणजे बघणारे लोक. सात वर्षांचं पोर सायकलवरून पडलं तर कुणी वळूनही बघत नाही. बावीस वर्षांच्या माणसाची गाडी चौकात बंद पडली की मागचे हॉर्न वाजवतात, शेजारचा काच खाली करून हसतो, आणि मित्र असतील तर ते रील काढतात. गाडी बंद पडली म्हणून कुणाला इजा झालेली नसते. क्लच जरा लवकर सुटला, त्या वेगाला इंजिनचा टॉर्क कमी पडला, झालं. पुन्हा क्लच दाबा, गाडी न्यूट्रल करा, स्टार्टर मारा. जीव धोक्यात नसताना घाम फुटतो तो या हसण्याचा.

मग यावर उपाय काय? "धीर धर, मन घट्ट कर" हा उपाय नव्हे. मोटारीच्या इतिहासात कुठल्याही चांगल्या इंजिनिअरनं ड्रायव्हरला हा सल्ला देऊन काम संपवलेलं नाही. त्यानं ड्रायव्हरच्या डोक्यावरचा भार कमी केला.

मोटारीतून पहिला लांबचा प्रवास केला तो बर्था बेंझ या बाईनं. ऑगस्ट १८८८ मध्ये ती दोन मुलांना घेऊन, नवरा कार्ल बेंझ याला न सांगता, जर्मनीतल्या मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाली. एका बाजूचं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि तिचं वय ३९! शिकवायला ड्रायव्हिंग स्कूल कुठलं असणार? इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या बूट शिवणाऱ्या कारागिराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर मात्र गाडी दम टाकायची आणि पोरांना उतरून ढकलावी लागायची. त्या प्रवासानंतर गाडीला चढासाठी आणखी एक गियर मिळाला. म्हणजे चढ चढत नाही हा दोष चालवणारीच्या माथी न मारता गाडी सुधारली गेली.

पुढेही तेच झालं. पूर्वी गियर बदलताना दातांचा खडखडाट व्हायचा, तो टाळायला ड्रायव्हरला दोन-दोनदा क्लच दाबायची कसरत करावी लागे. १९२८ साली कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं आणि ती कसरत कमी झाली. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी स्वस्त गाडीत आली आणि क्लचचं पेडलच गेलं. यंत्र बनवणाऱ्यांना एवढं कळलं, तर यंत्र शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना का कळू नये?

शिकतानाही हेच करायचं, भार कमी करायचा. एका दिवशी एकच गोष्ट. सोबत शिकवणारा हवाच, आणि मोकळं सपाट मैदान. पहिल्या दिवशी ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. पहिला गियर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. एका जागी गाडी किंचित थरथरते आणि माणसाच्या चालीनं पुढे सरकू लागते. हा तो हाफ क्लच, जो आपण परीक्षेत लिहितो. पाय तिथेच धरायचा, पुन्हा दाबायचा, थांबायचं. हे वीस-तीस वेळा केलं की डावा पाय स्वतःच शहाणा होतो. मग ब्रेक, मग वळण, मग दुसरा गियर, मग रिव्हर्स. रस्ता त्यानंतर, तोही सकाळी लवकर. चढावरची सुरुवात हँडब्रेक लावून शिकायची, म्हणजे गाडी मागे जाण्याची धास्ती राहत नाही. एक पायरी कंटाळा येईल इतकी सोपी झाली की मगच पुढची. भीती जायची वाट बघत बसलात तर ती जाणार नाही. छोटं काम हातात घेतलं की तिला डोक्यात जागा उरत नाही.

वेगाचंही गणित करून बघा. ताशी ३० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे ८ मीटर जाते, ६० ला सुमारे १७ मीटर. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला तर तेवढं अंतर असंच गेलं! त्यात गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे वेग दुप्पट तर ब्रेकला चौपट काम. नवख्यानं हळू चालवणं हा भित्रेपणा कसा? ते तर फर्स्ट इयरचं फिजिक्स आहे.

शिकवणारा कोण, हेही महत्त्वाचं. सख्खा भाऊ, वडील किंवा नवरा शेजारी बसला की निम्मे धडे भांडणात जातात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो, ती सोय चांगली. पण काही मास्तर पंधरा दिवस त्यावरून पायच काढत नाहीत. गाडी आपण थांबवली की त्यांनी, हे शेवटपर्यंत कळत नाही. तेव्हा धीर करून म्हणायचं, "काका, आज तुमचे पाय वर. गरज पडली तरच खाली."

आमच्या विभागातल्या एका मॅडम पंचेचाळिशीत गाडी शिकल्या. रविवारी सकाळी साडेसहाला, हॉस्टेल झोपेत असताना, मागच्या पार्किंगमध्ये त्यांच्या फेऱ्या चालायच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, दोन महिने मी तिसरा गियर टाकलाच नाही. गरजच वाटली नाही." आज त्या रोज वीस किलोमीटरवरून गाडीनं येतात, आणि पावसाळ्यात दोन जणींना लिफ्टही देतात.

कुणी म्हणेल, घाबरणाऱ्या माणसानं गाडी चालवूच नये, तो इतरांना धोका आहे. मला उलटं वाटतं. २०२२ च्या अपघातांत सर्वांत जास्त बळी गेले ते अतिवेगामुळे. अतिवेग घाबरणाऱ्याचा नसतो. खरी काळजी करायची ती भीती लपवणाऱ्याची. जो लाजेपोटी धड शिकत नाही, एजंटला पैसे चारून लायसन्स खिशात घालतो आणि मग मित्रांसमोर शान म्हणून हायवेला गाडी काढतो, तो धोका. त्याला तिथवर ढकलण्यात आपल्या हसण्याचाही थोडा वाटा असतो.

गंमत म्हणजे कायदा आपल्यापेक्षा समजूतदार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, आणि ते निघाल्यावर तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. शेजारी लायसन्सवाला जाणकार हवा. गाडीला पुढे-मागे १८ सेंटिमीटरची चौरस पांढरी पाटी, त्यावर लाल 'एल', तोही किमान १० सेंटिमीटर उंच! मोठ्या माणसाला 'मी अजून शिकतोय' असं चारचौघांत राजरोस सांगायची सोय दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात आहे? व्हायवाला जाताना छातीवर असा 'एल' लावता आला असता, तर आपण सगळ्यांनी आनंदानं लावला असता!

म्हणून एक सूचना. आपल्या कॉलेजात लायसन्सवाले सीनियर आहेत, कट-सेक्शन क्लचचं मॉडेल आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मागचं पार्किंग रिकामं असतं. रेक्टर सरांच्या परवानगीनं रविवारी सकाळी तासभर ते शिकणाऱ्यांसाठी का असू नये? अटी तीनच. लर्निंग लायसन्स आधी काढलेलं हवं. मोबाईल खिशात राहतील. आणि गाडी बंद पडली तर कुणीही हसायचं नाही, "पुन्हा स्टार्ट कर" एवढंच म्हणायचं. मुली आणि नॉन-टीचिंग स्टाफ यांचा नंबर पहिला.

आणि तोवर, पुढच्या वेळी सिग्नलला लाल 'एल'वाली गाडी अडखळली, तर मागे असलेल्यांनी हॉर्नवरचा हात जरा आवरावा. बघा, पटतंय का!