दंड करायला कायदा आहे, शिकवायला कोणी नाही

नागपुरात संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. सात सह्या, सात आधारकार्डं, एक घटना-नियमावली (तीही बहुतेक दुसऱ्या संस्थेची झेरॉक्स, फक्त नाव बदललेली) आणि ओळखीचा एखादा माणूस, जो "चॅरिटीतलं काम" करून देतो. काही दिवसांनी प्रमाणपत्र हातात येतं. पेढे वाटले जातात, फोटो ग्रुपवर पडतो.

पण ती संस्था चालवायची कशी, हे त्या सातांपैकी कोणालाच कोणी सांगत नाही. नोंदणीच्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. सांगतात ते थेट नोटीस आल्यावर.

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा. तुमच्यापैकी निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या मंडळाचे, वाचनालयाचे, वसतिगृहाचे, महिला संस्थेचे सचिव नाहीतर कोषाध्यक्ष आहेत, हे मला माहीत आहे. तुमच्याबद्दलच लिहितो आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवली की तिची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. म्हणजे एका संस्थेला दोन नंबर आणि दोन कायदे. कार्यकारी मंडळ बदललं, कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. दरवर्षी हिशेब तपासून दाखल करायचे. जागा विकायची, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाड्यानं द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. चुकलं तर दंड, आणि कलम ४१ड खाली विश्वस्ताला पदावरून काढताही येतं.

हे झालं फक्त धर्मादायचं. आयकराचं खातं वेगळं. १२ए आणि ८०जी एकदा मिळालं की जन्मभर, असं आपण धरून चाललो होतो. २०२० च्या वित्त कायद्यानं ते बदललं. सगळ्यांनी नव्यानं नोंदणी करायची, आणि ती तेव्हा पाच वर्षांचीच होती. २०२१ मध्ये ज्यांनी ती घेतली, त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत द्यायचा होता. तुमच्या संस्थेनं दिला होता का? आज, आत्ता, सचिवाला फोन करून विचारा. तो "सीएला विचारतो" म्हणाला, तर समजून जा.

८०जी च्या देणग्यांचं आणखी एक. आता नुसती पावती फाडून चालत नाही. वर्षभरातल्या देणगीदारांची यादी १०बीडी नमुन्यात ३१ मे पर्यंत ऑनलाइन भरायची, तेव्हा देणगीदाराला प्रमाणपत्र मिळतं आणि त्याची कर सवलत पदरात पडते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. ज्या संस्थेची महिन्याची देणगीच पाच-दहा हजारांची, तिनं हे २०० रुपये रोज कुठून आणायचे?

यात कुठे चोरी आहे? कुठे अफरातफर आहे? काही नाही. नुसता कागद आहे. आणि आपल्याकडच्या लहान संस्था चोरीनं कमी आणि कागदानं जास्त मरतात.

खोटं वाटतं? एप्रिल २०१५ मध्ये केंद्रीय गृहखात्यानं जवळपास ९ हजार संस्थांची विदेशी देणगीची नोंदणी एका फटक्यात रद्द केली. कारण काय दिलं? तीन वर्षांची वार्षिक विवरणपत्रं भरली नाहीत. त्यात काही बोगस असतीलही, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला विवरणपत्र भरायचं असतं हेच माहीत नव्हतं, तोही त्याच यादीत गेला. पुढे २०१७ च्या सुमारास आपल्या राज्यातही वर्षानुवर्षं हिशेब न देणाऱ्या संस्थांची नोंदणी रद्द करण्याची मोहीम निघाली. मोहीम निघायलाच हवी होती. माझा प्रश्न एवढाच, की रद्द करण्याची मोहीम निघते तशी शिकवण्याची मोहीम का निघत नाही?

शहरातल्याच एका संस्थेचं सांगतो, नाव टाकत नाही. मुलींचं लहानसं वसतिगृह. अध्यक्ष वारले. नवे अध्यक्ष ठरले, पण ठरावाचं इतिवृत्त कोणी लिहिलंच नाही, कारण "सगळे घरचेच आहेत". बदल अर्ज गेला उशिरा, त्यावर जुन्या एका सदस्याची हरकत, मग तारखा. इकडे बँकेनं सांगितलं, अनुसूची एकचा नवा उतारा आणा, तोवर नव्या सह्या चालणार नाहीत. खात्यात पैसे होते बरं का! पण काढता येत नव्हते. मुलींचं जेवण किराणावाल्याच्या उधारीवर चाललं. एक पानभर इतिवृत्त आणि ९० दिवसांच्या आतला एक अर्ज, एवढंच हवं होतं. हे सचिवबाईंना कोणी तासभर बसून शिकवलं असतं, तर त्या मुलींवर उधारीची वेळ आली नसती.

आता शेजारचं घर पाहा. सहकारी संस्थांचा कायदा घ्या. २०१३ मध्ये त्यात कलम २४अ आलं. सभासदांना, पदाधिकाऱ्यांना, कर्मचाऱ्यांना सहकाराचं शिक्षण द्यायचं आणि समितीवरच्या प्रत्येक सदस्यानं प्रशिक्षण घ्यायचं, असं त्यात लिहिलं आहे. त्यासाठी शिक्षण निधीची सोय आहे, जिल्ह्याजिल्ह्यात सहकारी बोर्ड आहेत, जी.डी.सी. अँड ए. सारखी सरकारी परीक्षा आहे. ते प्रशिक्षण कसं होतं, किती जण चहा पिऊन सही करून निघून जातात, यावर वेगळी पोस्ट होईल. पण निदान कायद्याला वाटलं तरी, की माणसाला खुर्चीवर बसवण्याआधी काही शिकवावं!

म्हणजे बघा, तीस फ्लॅटच्या हाऊसिंग सोसायटीच्या कमिटीनं शिकायला पाहिजे. आणि पन्नास निराधार म्हातारे सांभाळणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तानं? त्याला सगळं आईच्या पोटातूनच येतं असं सरकारला वाटतं काय राजेहो?

"निधी कुठून आणायचा?" हा प्रश्न लगेच येईल. धर्मादायच्या कायद्यातच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधी आहे. वर्षानुवर्षं आपल्याच संस्थांनी उत्पन्नाच्या २ टक्के अंशदान त्यात भरलं. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती वसुली थांबवली, ही गोष्ट वेगळी. पण तो निधी संस्थांच्याच पैशातून उभा राहिला. त्यातून संस्थांना दोन दिवस शिकवायला काय हरकत आहे?

आणि शिकवणार कोण, हा प्रश्न तर नागपूरकरानं विचारूच नये. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपल्याकडे. आयआयएम आपल्याकडे, २०१५ पासून. तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे, मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था आहे. सह धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय इथंच आहे. सीए आणि वकिलांची तर गल्लोगल्ली पाटी आहे. कायदा शिकलेले एकीकडे, व्यवस्थापन शिकलेले दुसरीकडे, समाजकार्य शिकलेले तिसरीकडे, आणि ज्याला या तिन्हींची गरज तो संस्थेचा सचिव एजंटाच्या टेबलासमोर उभा. शहरात सगळं असून कोणी कोणाला भेटत नाही.

आज प्रशिक्षण होतच नाही असं नाही. होतं. पण कसं? इंग्रजी स्लाइडा, हॉटेलचा हॉल, दिवसाची फी हजारांत. उमरेडच्या किंवा काटोलच्या अंगणात शिवणवर्ग चालवणारी ताई तिथं जाईल का? गेली तरी समजेल का? शेवटी मोठ्या संस्थांचे पगारी लोक तिथं जातात, ज्यांना आधीच निम्मं येतं.

नुकसान फक्त दंडाचं नाही. अज्ञानाचा फायदा घेणारेही आहेत. एक उदाहरण देतो, सीएसआरवाल्या मित्रांनी रागावू नये. कंपनीचा माणूस संस्थेला सांगतो, "प्रशासनाला ५ टक्क्यांच्या वर मिळणार नाही, नियम आहे." नियम आहे, पण तो कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती मर्यादा नाही, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये तसा खुलासाही केला आहे. पण समोर बसलेल्या संस्थाचालकाला हे माहीत नसतं. तो मान डोलावतो. मग हिशेबनीसाला पगार नाही, लिहिणारं कोणी नाही, आणि वर्षअखेरीस तीच कंपनी विचारते, "तुमचे कागद नीट का नाहीत?"

विदेशी देणगीचं तर विचारूच नका. २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, एका संस्थेनं दुसरीला पैसे देणं बंद झालं आणि पहिलं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेतच उघडणं सक्तीचं झालं. हे नियम बरे की वाईट, यावर भांडता येईल. पण ते कळलेच नाहीत, तर भांडणार तरी कशावर?

आता काही हरकती. माझ्या पोस्टखाली त्या येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो.

"सेवा करणाऱ्याला कागद कशाला?" असं म्हणणारे लोक मनानं चांगले असतात, पण त्यांच्या या वाक्यानं संस्था बुडतात. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृ सेवा संघ सुरू केला. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. नुसत्या त्यागावर शंभर वर्षं निघत नाहीत. मागून येणाऱ्याला काम हातात देता येईल अशी घडी लागते. कीर्द लागते, इतिवृत्त लागतं, पुढची फळी लागते.

"आमचे भाऊ बघतात ना सगळं!" ठीक आहे, बघतात. भाऊ सत्तरीचे झाले. चेकबुक त्यांच्या कपाटात, पासवर्ड त्यांच्या डोक्यात. उद्या भाऊंना काही झालं तर? संस्थाचालकांनाही मी सोडणार नाही. सरकारनं शिकवलं नाही हे खरं, पण तुम्ही तरी दुसऱ्याला शिकू दिलंत का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावीच लागते. तुमच्याकडे आहे? की ती नेमली म्हणजे भाऊंवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं?

"सीए आहे, वकील आहे, ते बघतील." ते तुम्ही दिलेले कागद बघतात. बिल नसेल, व्हाउचर नसेल, ठराव नसेल, तर सीए काय जादू करणार? आणि नोटीस त्याच्या नावानं येत नाही, तुमच्या नावानं येते.

"बोगस संस्थांना शिकवलं तर त्या आणखी हुशारीनं खातील." अहो, त्यांना आधीच सगळं येतं. फक्त प्रामाणिक माणसालाच येत नाही. म्हणूनच तपासणीत बोगस संस्थेची फाईल चकाचक असते आणि खरं काम करणाऱ्याची पिशवीत कोंबलेली.

तर मागणी काय, तेही स्पष्ट लिहितो:

१. नव्या संस्थेला प्रमाणपत्र देताना निदान तीन पदाधिकाऱ्यांना दोन दिवसांचं मोफत प्रशिक्षण. मराठीत, आणि प्रत्यक्ष अर्ज भरून घेत.

२. जुन्या संस्थांसाठी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा शिबिर. नागपूरला बोलावू नका, तुम्ही जा.

३. पहिल्या चुकीला दंडाऐवजी दुरुस्तीची मुदत आणि प्रशिक्षणाची अट. दुसऱ्यांदा चुकलं तर खुशाल दंड करा.

४. विधी विद्यापीठ, आयआयएम आणि समाजकार्य महाविद्यालयांनी मिळून महिन्यातून एक दिवस मदत केंद्र चालवावं. विद्यार्थ्यांनाही खरी फाईल कशी असते ते कळेल.

५. वर्षभरात कोणत्या तारखेला काय भरायचं, याचा एक पानी मराठी तक्ता धर्मादाय कार्यालयाच्या भिंतीवर लावा. याला तर पैसाही लागत नाही.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार नागपुरात येतं. मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात. संस्थावाल्यांचा मोर्चा निघतो तो अनुदानासाठी. अनुदान मागा, हक्कच आहे. पण या वेळी निवेदनात एक ओळ वाढवा: आम्हाला शिकवा. सहकाराच्या कायद्यात आहे तसं कलम आमच्याही कायद्यात घाला.

कारण संस्थेचं खातं गोठलं की त्रास अध्यक्षांना कमी होतो. त्यांचं घर चालू असतं. त्रास होतो तो त्या संस्थेच्या ताटात जेवणाऱ्याला, तिच्या खाटेवर झोपणाऱ्याला. त्याला कलम २२ माहीत असण्याचं कारण नाही. तुम्हाला माहीत असायला हवं.

तुमच्या संस्थेवर अशी वेळ आली असेल तर कमेंटमध्ये लिहा, कार्यालयाचं किंवा माणसाचं नाव न घेता. सगळे अनुभव एकत्र करून अधिवेशनाआधी निवेदन देऊ. आणि पोस्ट पटली नाही तरी आपल्या संस्थेच्या सचिवाला पाठवा. त्याला १२ए ची तारीख तरी विचारता येईल.