‘आपला माणूस’ आणि माझं वाया गेलेलं मत

 या पानावर मी आजवर रामबागेतला वाडा, गणपतीतली नाटकं, सराफ्यातली खादाडी असल्याच गोष्टी लिहिल्या. आज भांडायला आलोय. गेले चार-पाच महिने तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी मला अमेरिकेच्या निवडणुकीवरून छळलंय, आणि निकाल लागून महिना होत आला तरी छळ थांबलेला नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा कंटाळा आलाय, म्हणून सगळ्यांना एकदमच देतो.

सुरुवात कुठून झाली ते आठवा. १५ जुलैला रिपब्लिकन पक्षानं उपाध्यक्षपदासाठी जे. डी. व्हान्स यांचं नाव जाहीर केलं. त्यांच्या पत्नी उषा यांचे आईवडील मूळचे आंध्रातले. तासाभरात माझ्या मेहुण्याचा मेसेज: “भिया, आपला जावई!” पुढच्या रविवारी, २१ तारखेला, बायडन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस पुढे आल्या. तुमच्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तरी मावसबहीण जागी होती. “दादा, आता तर आपलीच बाई उभी आहे. मत तिलाच ना?” एकाच घरातली दोन माणसं. एकाचा जावई, दुसरीची बाई, आणि दोघांचंही ठरलेलं, की मी मत ‘आपल्याला’च देणार.

मतदानाच्या दिवशी तमिळनाडूत तुलसेंद्रपुरमला, म्हणजे कमलाबाईंच्या आजोबांच्या गावी, देवळात पूजा झाली. आंध्रात वडलुरूला, उषाबाईंच्या पूर्वजांच्या गावी, दुसऱ्या बाजूसाठी प्रार्थना झाली. देवाची पंचाईतच! त्या गावकऱ्यांना मी हसत नाही. त्यांना इथे मत नाही, गावची नात मोठी झाली याचं कौतुक आहे, ते असायलाच हवं. पण मला मत आहे. आणि ते पेनसिल्व्हेनियात आहे, जिथली १९ प्रातिनिधिक मतं कुणाकडे जातात यावर सगळा खेळ अडला होता. २०१६ ला हे राज्य चव्वेचाळीस हजारांच्या आसपास मतांनी एकीकडे गेलं, २०२० ला ऐंशी हजारांच्या आसपास मतांनी दुसरीकडे. अशा जागी मत असलेल्या माणसाला “आपलं कोण?” असं विचारायचं नसतं.

आता माझी बाजू. इथला नागरिक झाल्यापासून मी रिपब्लिकन म्हणून नोंदलेला आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं की तुमच्यापैकी काहींना सोवळंओवळं आठवतं आणि काहींना लाल टोपी. माझा कॉन्झर्व्हेटिव्हपणा इंदूरलाच तयार झाला. वडिलांनी बजाजची स्कूटर बुक केली तेव्हा मी शाळेत होतो. नंबर लागला तेव्हा कॉलेजात. मधली सगळी वर्षं तो माणूस सायकलवर कचेरीत गेला, उन्हाळ्यात डोक्याला पंचा बांधून. पैसे होते, पण कुणी किती स्कूटर बनवायच्या ते दिल्लीत ठरत होतं. बाहेरून आणावी तर आयात शुल्काची भिंत. साखर रेशनवर, उरलेली काळ्या बाजारात. सरकार भाव बांधून देतं तेव्हा वस्तू दुकानाच्या मागच्या दारानं जाते, हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यामुळे इथे आल्यावर जो पक्ष म्हणत होता की सरकारनं ऐपतीत राहावं, व्यापार मोकळा ठेवावा, कायदा सगळ्यांना सारखा लावावा आणि एका दिवसाच्या विजयासाठी बापजाद्यांची व्यवस्था मोडू नये, तो मला आपला वाटला. ‘आपला’ हा शब्द मी तिथे वापरतो.

या मापानं उन्हाळ्यापासून मी दोन्ही बाजू मोजत होतो. तुम्ही गोत्र मोजत होता.

ऑगस्टमध्ये कमलाबाईंनी किराण्याच्या अवाजवी भाववाढीवर देशभर बंदी आणायचं म्हटलं. मला थेट आमचा रेशनवाला दिसला. त्या बाजूला माझं मत जाणार नाही हे तिथेच ठरलं. शिवाय प्राथमिक फेरीत लोकांनी मतं दिली होती बायडन यांना. बाईंसाठी मतदारांची रांग लागलीच नाही, पक्षाच्या प्रतिनिधींनी त्यांना उभं केलं. माझा मुलगा फिलाडेल्फियात त्यांच्यासाठी दारोदार फिरत होता, त्याला हे विचारलं की तो विषय बदलायचा.

पण माझ्या पक्षाचं काय? ट्रम्प यांनी सगळ्याच आयातीवर दहा-वीस टक्के आणि चीनच्या मालावर साठ टक्के शुल्क लावायचं वचन दिलं. मेव्हण्याला ते फार आवडलं, “चीनला धडा”. अरे बाबा, ते शुल्क चीन भरत नाही. २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के शुल्क लागलं तेव्हा मी एका छोट्या यंत्रभागांच्या कारखान्यात होतो. वाढीव पैसे आम्ही भरले, थोडे गिऱ्हाईकाकडून घेतले, बाकीचे ओव्हरटाइम बंद करून भरून काढले. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या बापाचा मुलगा आयात शुल्काला टाळ्या कसा वाजवेल?

आणि कर्ज! याच जुलैत अमेरिकेच्या डोक्यावरचं कर्ज ३५ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं. ट्रम्प यांच्या चार वर्षांत त्यात जवळजवळ आठ लाख कोटींची भर पडली होती आणि बायडन यांनीही हात आखडला नाही. यावर प्रचारात कोण काय बोललं? जूनमध्ये ट्रम्प लास व्हेगासला जाऊन म्हणाले, वेटरच्या टिपांवर कर नाही. ऑगस्टमध्ये कमलाबाई त्याच लास व्हेगासला जाऊन तेच म्हणाल्या. तुम्ही मध्य प्रदेशात लाडली बहना बघितलीत, मग महाराष्ट्रात लाडकी बहीण बघितलीत, ‘रेवडी, रेवडी’ म्हणून नाकं मुरडलीत. इथली रेवडी मात्र तुम्हाला दिसली नाही, कारण तुम्ही वाढप्याची जात बघत होता.

बोचरा शब्द आहे, माहीत आहे. मागे घेत नाही.

एप्रिलमध्ये आमच्या राज्यात प्राथमिक फेरी झाली तेव्हा मी निकी हेली यांना मत दिलं. त्यांनी मार्चमध्येच माघार घेतली होती, तरी माझ्यासारख्या दीड लाखाहून जास्त रिपब्लिकनांनी त्यांच्या नावापुढे खूण केली. निकी म्हणजे जन्माची निम्रता रंधावा. आई-वडील दोघंही पंजाबातले. तुमच्या व्याख्येनं ही तर सगळ्यांत जास्त आपली! तुमच्यापैकी एकानंही त्या दिवशी मला फोन केला नाही. मी मत दिलं ते ती कर्जाबद्दल बोलत होती आणि युक्रेनला वाऱ्यावर सोडू नका म्हणत होती म्हणून. तिच्याच जोडीला विवेक रामस्वामी उभे होते, त्यांचे आईवडीलही भारतातून आलेले. त्यांचं अर्ध्याहून जास्त मला पटलं नाही. मत दिलं नसतं.

याच विवेक यांच्या कार्यक्रमात मे महिन्यात ॲन कूल्टर नावाच्या, आमच्याच बाजूच्या म्हणवणाऱ्या, लेखिका आल्या आणि त्यांच्या तोंडावर म्हणाल्या की तुमचं बरंचसं मला पटतं, पण तुम्ही भारतीय आहात म्हणून मी तुम्हाला मत दिलं नसतं. या ग्रुपवर केवढा संताप झाला! वंशवादी काय, गोरी माजलेली काय. मीही चिडलो. पण तुम्ही कुठल्या तोंडानं चिडलात? त्या बाईंनी तुमचाच नियम लावला, फक्त उलट्या बाजूनं. रक्त बघून मत देणं तुम्ही केलं तर जिव्हाळा, आणि तिनं केलं तर वंशवाद?

आणि हे इंदूरच्या मराठी माणसांनी करावं! आपण या शहरात किती आहोत? सुमित्राताई महाजन चिपळूणच्या, सून म्हणून इंदूरला आल्या. १९८९ मध्ये त्यांनी प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला, माजी गृहमंत्र्याला हरवलं, आणि मग २०१४ पर्यंत सलग आठ वेळा याच शहरानं त्यांना लोकसभेत पाठवलं. लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. आठ वेळा आपल्या रामबागेच्या आणि लोकमान्य नगरच्या मतांवर निवडून आल्या का? माळव्यातल्या हिंदी बोलणाऱ्या माणसांनी, सिंध्यांनी, मारवाड्यांनी त्यांना ‘ताई’ म्हटलं आणि मत दिलं. छावणीतल्या शेठजीनं “ही आपली आहे का?” असं विचारलं असतं तर ताई नगरपालिकेच्या पुढे गेल्या असत्या का?

दिवाळीला मुलगा घरी आला. यंदा आमच्या राज्यानं दिवाळीला अधिकृत सुटीचा दर्जा दिला, दोन्ही पक्षांनी मिळून. चांगलं वाटलं. त्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, ट्रम्प यांनी बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांचा निषेध करणारा दिवाळी संदेश टाकला. तो मला नऊ जणांनी पाठवला, मेव्हण्यानं तीनदा. “बघ, आपल्याबद्दल बोलला!” बोलला, बरं केलं. पण याच माणसानं सप्टेंबरमध्ये, फिलाडेल्फियातल्या वादसभेत, साऱ्या देशासमोर म्हटलं होतं की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात. हैतीहून आलेल्या, कामधंदा करणाऱ्या माणसांबद्दलची ही अफवा, आणि ती आधीपासून पसरवणाऱ्यांत आपले ‘जावई’ होते. शहराचे अधिकारी सांगत होते की असं काही घडल्याचा पुरावा नाही. त्या लोकांच्या बाजूनं उभे राहिले ते ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन. रिपब्लिकन, आणि स्वतः स्प्रिंगफील्डमध्येच जन्मलेले. मला त्या आठवड्यात आपला वाटला तो हा म्हातारा. होळकरांच्या मागून परमुलखात येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना तरी ‘बाहेरचे’ म्हणून उठवलेल्या अफवेची किंमत कळायला हवी होती. ग्रुपवर त्या दिवशी हसणारे चेहरे पडत होते.

आता मत. ५ नोव्हेंबरला सकाळी गावच्या अग्निशमन केंद्रात रांगेत उभा राहिलो. सिनेटसाठी रिपब्लिकन मॅकॉर्मिक, खालीही बहुतेक रिपब्लिकनच. अध्यक्षपदाच्या रकान्यात मोकळ्या ओळीवर हातानं लिहिलं: माइक पेन्स.

का, ते सांगतो. २०२० मध्ये मी ट्रम्प यांनाच मत दिलं होतं, नाक दाबून. ते हरले. ६ जानेवारी २०२१ ला काँग्रेसमध्ये ज्या राज्यांची मतं बाद करा म्हणून हरकत घेतली गेली, त्यांत आमचं पेनसिल्व्हेनिया होतं. म्हणजे मी ज्या रांगेत उभा राहून मत दिलं, ती अख्खी रांगच रद्द करा. उपाध्यक्ष म्हणून पेन्स खुर्चीत होते. मालकाचा दबाव होता, बाहेर जमाव त्यांच्या नावानं ओरडत होता. त्यांनी घटनेत लिहिलंय तेवढं केलं आणि मतं मोजून घेतली. या वर्षी मार्चमध्ये त्यांनी सांगितलं की मी ट्रम्प यांना पाठिंबा देणार नाही. माझ्या समजुतीतला कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस हाच. त्यांची बाकीची पुष्कळ मतं मला पटत नाहीत, ते असो.

मुलगा म्हणाला, “बाबा, याचा अर्थ तुम्ही ट्रम्पलाच मत दिलंत.” मेहुणा म्हणाला, “म्हणजे तू त्या बाईलाच मत दिलंस.” दोघंही बरोबर असू शकत नाहीत. ट्रम्प इथे एक लाख वीस हजारांच्या आसपास मतांनी जिंकले, त्यामुळे दोघंही चूक होते असं म्हणायला वाव आहे. मॅकॉर्मिक मात्र जेमतेम पंधरा हजारांनी आले, त्यात त्याच कागदावरचं माझं मत मोजलं गेलं.

“मत वाया घालवलंस” हे मात्र मी इंदूरच्या माणसाकडून ऐकून घेणार नाही. यंदा एप्रिलअखेर तुमच्याकडे काँग्रेसच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागे घेतला, आणि मे महिन्यात इंदूरनं ‘नोटा’ला २,१८,६७४ मतं दिली. देशात तोवर कुठेही इतकी पडली नव्हती. त्यात मेव्हण्याचं एक होतं, बटण दाबून आल्यावर बोटाच्या शाईचा फोटो त्यानंच ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, “निषेध!” पेनसिल्व्हेनियाच्या मतपत्रिकेवर ‘नोटा’ नसतो. मोकळी ओळ असते. मी ती भरली.

मुलगा थँक्सगिव्हिंगला आला, जेवला, राजकारण सोडून सगळं बोलला. आईला भांडी घासू लागला, निघताना मला नुसतं “येतो” म्हणाला. एरवी तो वाकतो.

काल जिल्ह्याचं निकालपत्रक पुन्हा उघडून बघितलं. हातानं लिहिलेल्या मतांची तळाशी एकच ओळ आहे, नावं नाहीत. तिचा फोटो काढून मेव्हण्याला पाठवला. त्यानं अंगठा टाकला, आणि पाठोपाठ सराफ्यातल्या गराडूच्या प्लेटचा फोटो. थंडी पडायला लागली म्हणे.